जुलैत फिनिक्सहून लास व्हेगस: सासऱ्यांना गाडी हवी, नवऱ्याला विमान, आता काय करू?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. आम्ही चँडलरला राहतो, फिनिक्सला लागूनच. सासू-सासरे मे मध्ये कराडहून आलेत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार. सासरे ७२ चे, पाटबंधारे खात्यातून रिटायर, तब्येत ठणठणीत. सासूबाई ६८ च्या, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात, गुडघे दुखतात. मुलगा चार वर्षांचा. जुलैत ह्यांना चार दिवस सुट्टी मिळतेय तर लास व्हेगसला जायचं ठरतंय. बाबा म्हणतात गाडीनेच जाऊ, वाळवंट बघायचंय, हूवर डॅम बघायचाय आणि ग्रँड कॅन्यन पण वाटेतच आहे ना. हे म्हणतात विमानाने तासाभरात पोचतो. पाच तिकिटांचा खर्च बघितला की मला गाडी बरी वाटते, पण आमची गाडी आठ वर्षं जुनी आहे आणि आईंना वाटेत काही झालं तर काय, ही भीती पण वाटते. ट्रेन नाहीये का काही? रोज जेवताना हाच विषय चालतो. — चँडलरची सून"

अगं, ट्रेनचं आधी सांगून टाकते म्हणजे तो विषय मिटेल. फिनिक्स एवढं मोठं शहर आहे पण १९९६ पासून तिथे ॲमट्रॅकची, म्हणजे इथल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेची, गाडीच येत नाही, आणि व्हेगसची होती ती १९९७ मध्ये बंद झाली. बस आहेत, पण आईंचे गुडघे आणि चार वर्षांचं पोर घेऊन बसचा विचार नको करूस. म्हणजे राहिलं काय, तर गाडी नाहीतर विमान.

माझं उत्तर सरळ आहे, जुलैत विमानाने जा. आणि बाबांचं म्हणणं मोडीत काढू नकोस, कारण त्यांना जे बघायचंय ते सगळं बघता येतं, फक्त एका दमात नाही.

वेळेच्या हिशोबात तुझे अहो थोडे चुकतायत. विमान हवेत तासभर असतं हे खरं, पण घरातून निघून स्काय हार्बर विमानतळाला पोचणं, दीड-दोन तास आधी हजर राहणं, सिक्युरिटी, उतरल्यावर बॅगा, मग हॉटेलपर्यंतची टॅक्सी, सगळं धरलं की दारापासून दारापर्यंत साडेचार तास सहज जातात. गाडीने चँडलरहून तीनशेच्या वर मैल पडतात, म्हणजे साधारण पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन होईल एवढं अंतर, आणि रस्ता बरा असल्यामुळे चालवायचे पाच-सव्वापाच तास, त्यात मुलाची सू, आईंचं जेवण, पाय मोकळे करणं धरून साडेसहा. म्हणजे फरक दोन तासांचा. दोन तासांसाठी कोणी पाच तिकिटं काढायला सांगत नाही, मीही सांगणार नाही. नोव्हेंबर ते मार्च मध्ये विचारलं असतंस तर म्हटलं असतं डबा भर आणि निघा.

पण जुलैमध्ये प्रश्न तासांचा नसतोच. चालत्या गाडीत एसी असतो, सगळं छान असतं. प्रश्न हा की गाडी मध्येच थांबली तर काय.

रस्ता कसा आहे ते डोळ्यांपुढे आण. फिनिक्सच्या वायव्येला विकेनबर्ग, तिथून यूएस ९३ हायवे धरायचा. विकेनबर्गपासून विकीअपपर्यंत साधारण पंचाहत्तर मैल, सव्वाशे किलोमीटर, आणि त्यात म्हणावी अशी वस्तीच नाही. पुढे आय-४० ला लागून किंगमन, तिथे सगळं मिळतं, मग परत यूएस ९३ ने उत्तरेला कोलोरॅडो नदीपर्यंत, पूल ओलांडला की नेवाडा. बाबांच्या डोक्यात आपला पुणे-बंगलोर हायवे असणार, जिथे गाडी बंद पडली तर समोर धाबा असतो, पंक्चरवाला असतो, चार माणसं आपणहून येऊन बॉनेट उघडून बघतात. इथे तसं नाही. फोनला रेंज मधेमधे जाते, टो ट्रक किंगमनहून किंवा विकेनबर्गहून यायचा म्हणजे तास-दीड तास सहज जाऊ शकतो, आणि काही पट्ट्यात रस्ता दोनच लेनचा आहे, बाजूला उभं राहायचं म्हणजे अंगावरून ट्रक जाणार.

आणि ऊन. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे ४३ च्या पुढे, आणि त्यातला जवळजवळ सगळा जुलै. व्हेगसने ७ जुलै २०२४ ला १२० चा रेकॉर्ड केला, जवळपास ४९ सेल्सिअस. अशा उन्हात एसी बंद पडलेली गाडी थोड्याच वेळात बसण्यालायक राहत नाही, बाहेर सावलीला झाड नाही, रस्त्याचं डांबर इतकं तापतं की पडलं तर कातडी भाजते. तू किंवा तुझे अहो तासभर निभावून न्याल. आईंचं तसं नाही, डायबेटिसमध्ये शरीराला उष्णता बाहेर टाकायला आधीच जड जातं, पाणी कमी पडलं की साखर वर-खाली होते, आणि इन्सुलिन तापलं की त्याचा गुण जातो. चार वर्षांच्या मुलाचं शरीरही मोठ्यांपेक्षा भराभर तापतं. तुझी भीती खरी आहे, तिला घाबरटपणा समजू नकोस आणि घरात कोणी तसं म्हटलं तरी मनावर घेऊ नकोस.

शिवाय गाडी आठ वर्षांची. जुनी गाडी वाईट असं नाही, पण फिनिक्सच्या उन्हात बॅटऱ्या दोन-तीन वर्षांतच मान टाकतात, टायरचं रबर सुकतं, आणि उन्हात भरलेली गाडी, एसी फुल, त्यात चढ. फिनिक्स अकराशे फुटांवर आहे, किंगमन तेहतीसशेच्या आसपास. इंजिनवर ताण येतो तो नेमका याच पट्ट्यात.

त्यात जुलै म्हणजे इथला मान्सून. १५ जून ते ३० सप्टेंबर. आपल्यासारखा धो-धो नाही, पण दुपारनंतर ढग जमतात आणि धुळीची भिंतच्या भिंत चालून येते, तिला हबूब म्हणतात, किंवा दूर डोंगरात पाऊस पडतो आणि कोरड्या ओढ्याला दहा मिनिटांत लोंढा येतो. ॲरिझोनात कायदाच आहे की बॅरिकेड लावलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. बाबांना पाण्याचा लोंढा काय असतो हे मी सांगायची गरज नाही, त्यांना हे एवढं सांगितलंस तरी निम्मं पटेल.

आता पैसे. गाडीने जाऊन-येऊन साडेसहाशे मैल धर, पंचवीसचं मायलेज असेल तर २६ गॅलन पेट्रोल. पाच तिकिटांपुढे हे काहीच नाही, हे मान्य. मुलाचं पण पूर्ण तिकीट लागतं, दोन वर्षांच्या वर मांडीवर चालत नाही. पण फिनिक्स-व्हेगस हा भरपूर विमानांचा रूट आहे, रोज पुष्कळ फ्लाइट असतात, त्यामुळे मंगळवार-बुधवार धरून बघ, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार परत हे टाळ, ४ जुलैचा आठवडा तर नकोच. स्वस्त एअरलाइनचं तिकीट बघताना केबिन बॅगेचे आणि सीटचे पैसे मिळवून मगच तुलना कर, नाहीतर स्वस्त दिसणारं महाग पडतं. मुलाची कार सीट एअरलाइन फुकट नेतात, ती सोबत ने, पुढे लागणार आहे.

आईंसाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागून ठेव. कायद्याने ती द्यावीच लागते आणि त्याचे पैसे नसतात. आई नको म्हणतील, "मी काय आजारी आहे का", सगळ्याच आया म्हणतात, पण स्काय हार्बरचं टर्मिनल ४ आणि व्हेगसचं विमानतळ दोन्हीकडे चालणं भरपूर आहे, आणि गुडघे पहिल्याच दिवशी दुखले तर पुढचे तीन दिवस त्या हॉटेलच्या खोलीत बसणार. इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि आइस पॅक हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नकोस. सिक्युरिटीला आधीच सांगायचं की औषध आहे, ते जाऊ देतात, डॉक्टरांची चिठ्ठी असली तर बरं. खायचं पण ने, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू काहीही चालतं, फक्त दही, लोणचं, मुरांबा हे पातळात धरतात, मोठा डबा काढून घेतील. दोघांचे ओरिजिनल पासपोर्ट लागतील, झेरॉक्स चालणार नाही. आणि आईंचा व्हिजिटर इन्शुरन्स घेतला असेल त्याचं कार्ड आणि औषधांची यादी तुझ्या पर्समध्येच राहू दे.

आता बाबांकडे येऊ. पाटबंधाऱ्यात नोकरी केलेला, कराडचा, म्हणजे कोयनेच्या शेजारी आयुष्य काढलेला माणूस अमेरिकेत आला आणि हूवर डॅम न बघता परत गेला तर ती खंत त्यांना कायम राहील, आणि मला वाटतं तुलाही राहील. तेव्हा डॅम हवाच. पण त्यासाठी तीनशे मैल गाडी हाकायची गरज नाही, डॅम व्हेगसपासून जेमतेम पाऊण तासावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी अहोंना एकट्याला पाठवून एका दिवसासाठी भाड्याची गाडी घ्या, बऱ्याच मोठ्या हॉटेलांमध्येच भाड्याच्या गाड्यांचं काउंटर असतं, नवीन गाडी, चांगला एसी. कॅबने जाऊ नका, जाताना मिळते पण परत येताना तिथे मिळेलच असं नाही. सकाळी लवकर निघा म्हणजे बारापर्यंत परत हॉटेलात.

डॅमवर बाबांना घाई करू नका. कोयना १०३ मीटर उंच, हा २२१ मीटर. कोयना प्रकल्पाची वीज १९६० मेगावॉट, याची २०८० च्या आसपास, म्हणजे आपलं कोयना कुठे उभं आहे हे त्यांनाच नातवाला सांगू दे. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी याचं उद्घाटन केलं. एवढं काँक्रीट आपलं आपण थंड व्हायला काही पिढ्या गेल्या असत्या म्हणून ओतताना आत पाइप घालून त्यातून गार पाणी फिरवलं, साधारण ५८२ मैल पाइप. हे बाबांना माहीत असणार, पण स्वतः तिथे उभं राहून बघणं वेगळं. पॉवरप्लांटची टूर घ्या, लिफ्टने ५३० फूट खाली नेतात, आत गार असतं, आईंनाही झेपेल. वरून लेक मीडकडे, म्हणजे धरणाच्या जलाशयाकडे, बघितलं की खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी कुठपर्यंत होतं त्याची ती खूण. २०२२ च्या जुलैत हे धरण १९३७ नंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं. सात राज्यं आणि मेक्सिको एकाच नदीवर भांडतायत, कृष्णेचं पाणीवाटप जवळून बघितलेल्या माणसाला यावर बोलायला दिवस पुरणार नाही. पाण्यातल्या इनटेक टॉवरवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ॲरिझोनाचं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही त्यामुळे जुलैत दोन्हीकडे एकच वेळ दिसेल, हिवाळ्यात एक तासाचा फरक असतो. मुलाला दाखव, त्याला गंमत वाटेल.

जवळच तो उंच पूल आहे, २०१० मध्ये झालेला, त्यावरून चालत जाऊन डॅम समोरून बघता येतो आणि फोटो तिथूनच सगळ्यात छान येतो. पण वर सावलीचा तुकडा नाही, त्यामुळे बाबा आणि अहो दोघांनीच जावं, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन, तुम्ही बाकीचे व्हिजिटर सेंटरच्या एसीत बसा. डॅमवर जाताना गाडीची तपासणी होते, त्याला वेळ धरा.

ग्रँड कॅन्यन वाटेत आहे का, तर नाही गं. हा गोंधळ खूप जणांचा होतो. किंगमनच्या पुढे यूएस ९३ वरून फाटा फुटतो तो ग्रँड कॅन्यन वेस्टला जातो, काचेचा स्कायवॉक आहे तो, २००७ चा, आणि ती हुआलापाई या आदिवासी लोकांची जमीन आहे, नॅशनल पार्क नाही, वेगळं तिकीट, बरंच महाग. फोटोत बघून मनात ठसलेली असते ती दरी साउथ रिमची, म्हणजे दक्षिण काठावरची, आणि ती फिनिक्सच्या सरळ उत्तरेला, साडेतीन-चार तासांवर. व्हेगसच्या चार दिवसांत तिला कोंबू नका, सगळा वेळ गाडीत जाईल आणि आईंना धड काहीच बघायला मिळणार नाही.

म्हणून म्हणते, बाबांची गाडीची ट्रिप ऑक्टोबरच्या शेवटाला ठेव. ते नोव्हेंबरपर्यंत आहेत ना, मग एवढी चांगली वेळ दुसरी नाही. आय-१७ ने फ्लॅगस्टाफकडे निघा, वाळवंट बघायचंय तर हाच रस्ता. सुरुवातीला हात वर केल्यासारखे उभे सग्वारो निवडुंग दोन्ही बाजूंना, मग घाट चढत गेलं की ते एकाएकी संपतात, पिवळं माळरान लागतं, आणि फ्लॅगस्टाफच्या सात हजार फुटांवर पोचेपर्यंत पाइनचं जंगल. अडीच तासांत. बाबांना पुढच्या सीटवर बसवा. वाटेत थांबायला जागा आहेत, पेट्रोल आहे, गाडी बंद पडली तरी हवा अशी की डिक्कीतल्या चटईवर बसून चहा पिता येईल. एक रात्र तिकडेच राहा, साउथ रिमला मेदर पॉइंटजवळ सपाट फरसबंदी वाट आहे, आईंना हळूहळू जाता येईल, पार्कात फुकट शटल आहेत. रात्री तिथे गोठवणारी थंडी असते, स्वेटर-कानटोपी हवंच, आणि उंचीवर जायच्या आधी आईंच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे. जुन्या गाडीचं पण तोपर्यंत नीट सर्व्हिसिंग करून घेता येईल.

हे सगळं सांगूनही जुलैत गाडीनेच जायचं ठरलं तर, घरं कशी असतात मला माहितीये, एवढं तरी ऐक. तुमची गाडी नको, मोठी भाड्याची घ्या. पहाटे चारला निघा म्हणजे तो पंचाहत्तर मैलांचा पट्टा उन्हाच्या आधी ओलांडाल, आणि परतीलाही पहाटच, दुपारी निघू नका कारण वादळं दुपारनंतरच येतात. विकेनबर्गला टाकी फुल, अर्धी असली तरी. माणशी एक गॅलन पाणी, डिक्कीत नाही, हाताशी. इन्सुलिन थर्मासच्या पिशवीत आईंच्या पायाशी, थांबाल तिथे सोबत उतरवायचं, गाडीत ठेवायचं नाही, आणि पोराला तर एक मिनिट पण गाडीत सोडायचं नाही. छत्र्या घ्या, मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, कुणाला तरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. धुळीचं वादळ दिसलं तर रस्त्यावरून पूर्ण बाहेर जाऊन थांबायचं, सगळे दिवे बंद, हँडब्रेक लावायचा आणि ब्रेकवरचा पाय काढायचा, कारण मागच्याला तुमचा लाल दिवा दिसला तर तो रस्ता समजून तुमच्यावर येतो. हे शेवटचं बाबांना आणि अहोंना दोघांनाही माहीत पाहिजे. गाडी बंद पडलीच तर चालत मदत शोधायला कोणीही जायचं नाही, गाडीजवळच थांबून ९११ लावायचा. आणि बाबांनी चालवायचं नाही, त्यांनी तिकडे कितीही चालवली असली तरी.

व्हेगसमध्ये काय करायचं ते थोडक्यात. दिवसा आत, संध्याकाळी सातनंतर बाहेर, तेव्हाही गरमच असतं. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, हॉटेलं शेजारी-शेजारी दिसतात पण एकाहून दुसऱ्यात जायला वीस मिनिटं लागतात, आईंना चालवू नका, काही हॉटेलांमध्ये फुकट ट्राम आहेत त्या वापरा. बेलाजिओ हॉटेलचे कारंजे आणि आतली फुलांची सजावट दोन्ही फुकट. २१ च्या खालच्यांना कसिनोत थांबता येत नाही, नुसतं पार होता येतं, आणि आत सिगरेटचा वास असतो, त्यामुळे कसिनो नसलेलं, खोलीत छोटं किचन असलेलं हॉटेल मिळालं तर तेच घ्या, आईंना वेळेवर भाकरी नाहीतर भात मिळेल. हॉटेलचं भाडं बघताना रिसॉर्ट फी (भाड्यावर वेगळी लावतात ती) आणि पार्किंग धरून बघ.

बाबांना सांगताना "आईंमुळे गाडी नको" असं म्हणू नकोस, आई मनाला लावून घेतील आणि "मी घरीच राहते" म्हणतील. दोन ट्रिप ठरल्यात असं सांग, जुलैत धरण आणि ऑक्टोबरात दरी, आणि ऑक्टोबरचा रस्ता बाबांनीच नकाशावर आखायचा. हे अहोंनी सांगितलेलं बरं, तू नको. तिकिटं काढशील तेव्हा दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाक, मधलं नाव आणि आडनाव उलटसुलट होऊ देऊ नकोस, आणि व्हीलचेअरची रिक्वेस्ट पडली का ते निघायच्या दोन दिवस आधी फोन करून परत एकदा विचार.